पाळीव सशांचे दंतविकार

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या शिबिरात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गाई-म्हशींचे लसीकरण, शेळ्यांतील जंत, कोंबड्यांचे रोग हे आपल्या नेहमीच्या परिचयाचे विषय. त्यांच्या रांगेत सशाच्या दातांचा विषय पाहून आपणांपैकी काहींना हसू आले असेल. कार्यक्रमपत्रिका हाती आली तेव्हा मलाही क्षणभर संकोच वाटला. परंतु शाळांच्या आवारांत, बालवाड्यांत आणि शहरालगतच्या गावांतील घराघरांतून ससे पाळण्याची हौस आता चांगलीच रुजली आहे, आणि 'ससा खात नाही' म्हणून माझ्यापुढे आणल्या गेलेल्या सशांपैकी पुष्कळांचे दुखणे अखेर तोंडातच सापडलेले आहे. म्हणून हा विषय मी टाळला नाही.

एका शाळेतला प्रसंग आधी सांगतो. व्हरांड्यात जाळीचा पिंजरा होता आणि त्यात पांढरा, तांबड्या डोळ्यांचा, सुमारे तीन वर्षांचा ससा होता. तो खात नाही असा निरोप मला शनिवारी मिळाला. त्याआधी आठवडाभर मुले त्याची मनधरणी करीत होती. तो भिजवलेले हरभरे खाईना म्हणून मुलांनी पाव आणला, पाव खाईना म्हणून बिस्किटे आणली, तीही खाईना म्हणून घरून गाजरे आणली. ससा भांड्यापाशी येई, हुंगे, एखादा तुकडा तोंडात धरी आणि खाली टाकी. तो लाडावला आहे, अशी सर्वांची समजूत झाली होती. मी पोहोचलो तेव्हा त्याची हनुवटी ओली होती, पुढच्या पंजांच्या आतील बाजूचे केस लाळेने चिकटलेले होते आणि पिंजऱ्याखाली दोन दिवसांत एकही नवी लेंडी पडलेली नव्हती. त्याच रात्री तो गेला. दुसऱ्या दिवशी तोंड उघडून पाहिले, तेव्हा खालच्या दाढांच्या आतल्या कडा सुरीच्या पात्याप्रमाणे वाढून जिभेत रुतलेल्या आढळल्या. जखम जुनी होती. तो भुकेने भांड्यापाशी येत होता आणि वेदनेने मागे सरत होता. भरल्या भांड्यापुढे तो उपाशी मेला.

सोमवारी मुलांनी मला विचारले, "आमच्या खाऊने मेला का?" त्या दिवशी मी जे गुळमुळीत उत्तर दिले ते मला आजही खटकते. आजचे बोलणे हे त्या प्रश्नाचे उत्तर समजावे.

जाते आणि खलबत्ता

सशाला एकूण २८ दात असतात, १६ वरच्या जबड्यात आणि १२ खालच्या जबड्यात. पुढचे पटाशीचे दात आपण सर्वांनीच पाहिलेले असतात. परंतु वरच्या दोन मोठ्या पटाशीच्या दातांमागे आणखी दोन इवलेसे दात दडलेले असतात, हे फारच थोड्यांच्या लक्षात येते. उंदीर, घूस, खार यांना असे मागचे दात नसतात. अशा भेदांमुळेच १९१२ साली प्राणिशास्त्रज्ञांनी सशांना उंदरांच्या गणातून बाहेर काढून त्यांचा स्वतंत्र गण मानला. सशाला सुळे नसतात. पटाशीचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते आणि दाढांची रांग तोंडात इतकी आत असते की, घरी पाहू म्हटल्यास ती दिसत नाही. ही साधी अडचणच पुढच्या पुष्कळ अनर्थांचे मूळ आहे.

माणसाचा पक्का दात एकदा पुरता उगवला की त्याची वाढ संपते. सशाचा प्रत्येक दात, पटाशीचा तसाच दाढेचाही, जन्मभर मुळापासून वाढत राहतो. पटाशीचे दात आठवड्यास सुमारे २ मिलिमीटर किंवा थोडे अधिक वाढतात. म्हणजे ते झिजलेच नाहीत तर वर्षाकाठी चार-पाच इंच लांब होतील. दाढा त्याहून सावकाश वाढतात, पण वाढतात खास. निसर्गाने ही योजना केली ती सशाचे अन्न लक्षात घेऊन. गवताच्या पात्यात सिलिका, म्हणजे वाळूच्याच जातीचे द्रव्य, असते. गवत उपटताना बोट कापल्याचा अनुभव आपणां सर्वांना आहे. असे चरबरीत अन्न दिवसाचे अनेक तास चघळणाऱ्या प्राण्याचा दात झिजणारच. झीज आणि वाढ यांचा मेळ बसला की दात आयुष्यभर ठीक राहतात.

आता खाण्याची रीत पाहावी. सशाचा खालचा जबडा वरच्या जबड्यापेक्षा अरुंद असतो. दोन्ही बाजूंच्या दाढा एकाच वेळी एकमेकींवर पुरत्या बसत नाहीत. गवत खाताना तो जबडा बाजूला सरकवून दळतो. आपल्या घरच्या जात्याची तळी आणि पाळी जशी घासतात, तशाच त्याच्या दाढा एकमेकींवर सर्वांगाने घासल्या जातात. हरभरा, गहू, मका, पाव, बिस्कीट हे पदार्थ मात्र दळावे लागत नाहीत, ते कुटावे लागतात. तेथे जात्याचे काम थांबते आणि खलबत्त्याचे सुरू होते. जबडा वरखाली हलतो, बाजूला फारसा सरकत नाही, आणि खाणेही चार मिनिटांत संपते. परिणामी दाढांचा जो भाग समोरच्या दाढेखाली येत नाही तो झिजत नाही. खालच्या दाढांची आतली, म्हणजे जिभेकडची, कड टोकदार होते आणि वरच्या दाढांची बाहेरची, म्हणजे गालाकडची, कड टोकदार होते. पहिली जीभ कापते, दुसरी गाल.

तेव्हा मुलांचा खाऊ विषारी नव्हता. तो निव्वळ चुकीच्या जातीचा होता आणि वर्षानुवर्षे दिला जात होता.

यास आणखी एक बाजू आहे. ब्रिटनमधील पशुवैद्यक फ्रान्सिस हारकोर्ट-ब्राउन यांनी १९९० नंतरच्या दशकात असे मांडले की, मिश्र खुराकातून आवडते दाणे तेवढे निवडून खाणाऱ्या आणि ऊन न मिळणाऱ्या सशांना कॅल्शियम व 'ड' जीवनसत्त्व अपुरे पडते, जबड्याचे हाड दुबळे होते आणि दातांची मुळे त्यात सैल व वाकडी होतात. झिजेची उणीव महत्त्वाची की हाडाचा दुबळेपणा, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. व्यवहारात दोहोंचा उपाय एकच निघतो, म्हणून त्या वादात आपण शिरू नये. गवत द्यावे आणि सशाला रोज काही वेळ सकाळच्या कोवळ्या उन्हात, सावलीची सोय ठेवून, मोकळे सोडावे.

काही सशांच्या बाबतीत दोष खाण्याचा नसून जन्माचा असतो. अत्यंत आखूड, गोल तोंडाचे बुटके ससे हल्ली शहरांत लोकप्रिय आहेत. त्यांत जबड्यांची लांबी जुळत नाही, आणि पिल्लू दोन-तीन महिन्यांचे होताच पटाशीचे दात एकमेकांवर बसत नसल्याचे दिसू लागते. खालचे दात ओठाबाहेर येतात, वरचे आत वळून टाळूकडे जातात. अशक्य गोष्टीला आपण सशाचे शिंग म्हणतो. पण सशाला सुळे फुटलेले मी पाहिले आहेत, ते असे. अशा नर-मादीची पैदास करू नये.

ओळखावे कसे

ससा हा भक्ष्य होणारा प्राणी आहे. दुखणे दाखविणारा ससा रानात टिकत नाही, म्हणून दुखणे लपविणे त्याच्या रक्तातच आहे. कुत्रे विव्हळते, गाय हंबरते, ससा गप्प बसून राहतो. त्याचे दुखणे आपणच शोधावे लागते. ते पशुवैद्याच्या आधी रोज चारा घालणाऱ्याला दिसते, आणि शाळेत चारा घालणारा बहुधा सहावी-सातवीतला विद्यार्थी असतो. त्याला हे शिकविणे अवघड नाही.

सर्वांत आधी बदलते ती आवड. ससा गवत सोडतो आणि मऊ पदार्थ तेवढे खातो. याच टप्प्यावर आपण फसतो, कारण तो काहीतरी खात असतो. पुढे तो तुकडा उचलून टाकू लागतो, हनुवटी ओली राहते, तोंडाला वास येतो. लेंड्या लहान, कमी आणि वेड्यावाकड्या पडतात. अंग चाटून साफ ठेवणे त्याला जमत नाही व केस विस्कटतात. सशाच्या लेंड्या दोन प्रकारच्या असतात, आणि त्यांतील मऊ, घोसासारख्या लेंड्या तो स्वतःच्या गुदद्वारापासून थेट खातो. ही किळस येण्याजोगी गोष्ट नसून त्याच्या पचनाचा आवश्यक भाग आहे. तोंड दुखत असल्यास तो त्या खात नाही, त्या मागे चिकटून राहतात, आणि मालक जुलाब समजून जुलाबाचे औषध देतो. पावसाळ्यात अशा सशावर माशा बसून दोन दिवसांत अळ्या पडतात.

डोळ्याकडेही लक्ष असावे. डोळ्यातील पाणी नाकात नेणारी नळी वरच्या दातांच्या मुळांजवळून जाते. मुळे वरच्या दिशेने वाढून तिच्यावर दाब आला की एका डोळ्यातून सतत पाणी किंवा पांढरा पू येतो. महिनोन्महिने डोळ्यात थेंब घालूनही पाणी थांबत नसेल तर दातांची तपासणी झालीच पाहिजे. खालच्या जबड्याची कड बोटाने हळुवार चाचपून पाहावी. ती दोन्ही बाजूंनी सारखी व गुळगुळीत लागली पाहिजे. गाठी किंवा उंचवटे लागले तर मुळे खाली वाढत आहेत, किंवा गळू होऊ लागले आहे, असे समजावे.

पटाशीचे दात आठवड्यातून एकदा ओठ वर करून पाहावेत. ते पांढरट व गुळगुळीत असावेत, वरचे खालच्यांच्या किंचित पुढे यावेत. दातांवर आडव्या रेघा उठल्या असतील तर आत काही बिघडते आहे. तपासताना सशाला कान धरून उचलू नये. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली असावा. त्याने हिसका दिला आणि मागचे अंग लोंबकळत राहिले तर पाठीचा कणा मोडू शकतो. दाढा पाहण्यासाठी तोंडात बोट घालू नये, काही दिसत नाही आणि ससा चावतो.

या सर्वांहून विश्वासू साधन म्हणजे तराजू. दर आठवड्यास ठरलेल्या दिवशी वजन करून वहीत लिहावे. दोन किलोच्या सशाचे वजन २०० ग्रॅमने उतरले तर ते वीस किलोच्या मुलाचे वजन दोन किलोने उतरण्यासारखे आहे. डोळ्याला हे दिसत नाही, कारण वर केस असतात.

आणि एक गोष्ट घड्याळ लावून पाळावयाची आहे. बारा तासांत सशाने काहीच खाल्ले नाही आणि लेंडीही टाकली नाही, तर त्याच दिवशी त्याला दवाखान्यात न्यावे. गुराने एक वेळ वैरण सोडली तर आपण सकाळपर्यंत वाट पाहतो. सशाचे आतडे थांबले की ते आपोआप पुन्हा सुरू होईलच असे नसते. शनिवारी मला जो निरोप मिळाला तो बुधवारी मिळावयास हवा होता.

उपचार

येथे मला माझी स्वतःची चूक सांगावयाची आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत वाढलेले पटाशीचे दात आम्ही पकडीने तोडीत असू. दोन क्षणांत काम होई, मालक खूष होई. एका सशाचा दात माझ्या हातून असाच तोडताना उभा चिरला. चीर मुळापर्यंत गेली, तेथे पू झाला आणि दीड महिन्याने जबडा सुजून तो ससा परत आला. त्याला मी वाचवू शकलो नाही. नखे कापण्याचे साधन, तार कापण्याची पक्कड, कात्री यांपैकी काहीही सशाच्या दाताला लावू नये, मग सांगणारा कितीही अनुभवी असो. दात कमी करावयाचे ते दंतवैद्याकडे असते तशा फिरत्या यंत्राच्या चकतीने, जीभ व ओठ बाजूला राखून. जन्मजात दोष असल्यास हे चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा पुन्हा करावे लागते. म्हणून अशा सशाचे सहाही पटाशीचे दात शस्त्रक्रियेने काढून टाकणे पुष्कळदा अधिक दयेचे ठरते. ऐकावयास हे भयंकर वाटेल, परंतु असे ससे ओठांनी गवत उचलून उत्तम जगतात. भाजी तेवढी बारीक चिरून द्यावी लागते.

दाढांच्या टोकदार कडा घासावयाच्या तर पूर्ण भूल द्यावी लागते. त्याआधी शक्य तेथे डोक्याचे क्ष-किरण चित्र घ्यावे, कारण दाताचा दिसणारा भाग थोडा आणि खरा बिघाड मुळाशी असतो. भुलेपूर्वी माणसाला उपाशी ठेवतात, तसे सशाला ठेवू नये. सशाला उलटी होतच नाही, आणि उपवासाने त्याचे आतडे मंदावते. गळू झाले असेल तर नुसती चीर देऊन भागत नाही. सशाचा पू चक्क्यासारखा घट्ट असतो, तो वाहून जात नाही. गळवाची पिशवी आणि तिच्या मुळाशी असलेला किडका दात दोन्ही काढावे लागतात, आणि तरीही ते उलटण्याचा संभव असतो. मालकाला हे आधी स्पष्ट सांगितलेले बरे. मुळेच बिघडली असतील तर दंतविकार बरा होत नाही, आटोक्यात ठेवता येतो.

औषधांबाबत एक इशारा दिल्यावाचून पुढे जाता येत नाही. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, लिन्कोमायसिन, क्लिंडामायसिन ही औषधे सशाला तोंडावाटे देऊ नयेत. माणसाला व कुत्र्याला गुण देणारी ही औषधे सशाच्या आतड्यातील उपयुक्त जंतू मारतात, घातक जंतू माजतात आणि ससा दगावतो. घरात उरलेली गोळी कुटून पाजणे हे दातापेक्षा वाईट दुखणे विकत घेणे होय. वेदनाशामक औषध आवश्यकच असते, पण ते पशुवैद्याने वजन पाहून ठरविलेले असावे.

दवाखाना दूर असेल आणि पोट फुगलेले नसेल, तर गोळी-खाद्य कोमट पाण्यात भिजवून पातळ करावे आणि सुई काढलेल्या पिचकारीने तोंडाच्या बाजूने थोडे थोडे भरवावे. घाई केल्यास ते फुप्फुसात जाते. पोट ताणलेले व टणक लागले तर काहीही भरवू नये, तडक निघावे.

आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींची सोय असते. सशाच्या दाढा घासण्याचे यंत्र तेथे असेलच असे नाही, आणि त्याबद्दल तेथील सहकाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. परंतु निदान, वेदनाशमन आणि पुढे कोठे पाठवावे हा सल्ला तेथे मिळू शकतो. मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ व उदगीर येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. आपल्याला जवळचे कोणते, हे ससा आजारी पडण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

पंचायत सदस्यांसाठी दोन शब्द. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या ३ ऱ्या कलमान्वये, ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याच्यावर त्याला विनाकारण वेदना होऊ न देण्याचे कर्तव्य आहे. शाळेला ससा भेट देणाऱ्याचे फोटो निघतात, पण तो स्वीकारताना त्याच्या चाऱ्याची व औषधाची तरतूद कोठून करावयाची हे ठरावात लिहिलेले मी क्वचितच पाहिले आहे. तसेच सुगीच्या दिवसांत शेतात सापडलेले सशाचे पिल्लू मुले शाळेत घेऊन येतात. ते आपल्या रानातील सशाचे असते. पिंजऱ्यातील ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा, वेगळ्या जातीचा आहे. रानातील ससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. त्याला पाळता येत नाही. आई बहुधा जवळपासच असते, म्हणून पिल्लू सापडले तेथेच नेऊन ठेवावे किंवा वनखात्यास कळवावे.

गवताची तजवीज

गवत म्हणजे कोणते, असे मला नेहमी विचारतात. हरळी, मारवेल, पवना, गिनी गवत यांपैकी जे आपल्या भागात मिळेल ते. पावसाळा सरताना, गवत फुलोऱ्यावर येताच कापून सावलीत वाळवावे. हिरवटपणा व सुवास टिकला पाहिजे, बुरशी लागलेली पेंढी फेकून द्यावी. रोज सशाच्या आकाराएवढा भारा त्याच्यापुढे असावा आणि रात्रीही तो संपू नये, कारण ससा पहाटे व संध्याकाळी अधिक खातो. कोकणात भाताचा पेंढा मुबलक असतो. त्याने दात झिजतात, परंतु पोषण पुरत नाही, म्हणून तो पूरक समजावा. लसूणघास पिल्लांना व गाभण मादीला चांगला, मोठ्या सशाला रोजचा मुख्य चारा म्हणून नको. त्यातील जादा कॅल्शियम लघवीवाटे जाते आणि मूत्राशयात गाळ साठतो. ज्वारीचे कोवळे पोंगे गुरांना बाधतात, ते सशालाही घालू नयेत. फवारणी झालेल्या बांधावरचे गवत कापू नये. कोथिंबीर, मुळ्याचा पाला, मेथी रोज मूठभर द्यावी. गाजर हे चित्रांतील सशाचे अन्न आहे, खऱ्या सशाला त्याची एखादी चकती पुरे. हरभरे व पाव बंद करावेत, पण एका दिवसात नव्हे. आठ-दहा दिवसांत कमी करीत आणावेत, नाहीतर पोट बिघडते. पिंजऱ्यात लाकडाचा तुकडा टाकला की दात झिजतात असा समज आहे. त्यावर ससा पटाशीचे दात चालवितो, करमणूकही होते, परंतु दाढांना त्याचा काही उपयोग नाही.

शाळांपुढची खरी अडचण उन्हाळ्याच्या सुटीची आहे. शाळा बंद होते, ससा शिपायाच्या किंवा एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी जातो, आणि तेथे त्याला पोळीचे तुकडे व भात मिळू लागतो. मघाशी सांगितलेल्या शाळेत आता दोन ससे आहेत. वाळलेल्या गवताच्या पेंढ्या तेथे दिवाळीपूर्वीच वर्गामागच्या फळीवर रचलेल्या असतात. सुटीत ससा ज्या घरी जातो त्या घरी त्याच्याबरोबर दीड महिन्याचे गवत, एक तराजू आणि वजनाची वही पाठविली जाते. वहीच्या पहिल्या पानावर मुलांनीच लिहिले आहे : बारा तास खाल्ले नाही तर सरांना फोन करणे, रात्र असली तरी.